खट्खट् कोणाची?

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने आम्ही तिघे कऱ्हाडला निघालो होतो. मी, माझा एक मित्र आणि त्याचा अकरावीत शिकणारा भाचा. गाडी मित्राची, १९९५ सालची, डिझेलवर चालणारी आणि गरज पडली तर पुढच्या चाकांनाही जोर देता येईल अशी जुनी जीप. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता कऱ्हाडच्या एका महाविद्यालयात बाहेरचा परीक्षक म्हणून मला प्रात्यक्षिक परीक्षेला हजर व्हायचे होते. मुले उपकरणे मांडून बसलेली असणार, त्यामुळे रात्र पडण्याआधी पोहोचावे अशी माझी घाई चालली होती.

घाट चढून हेळवाक मागे टाकले. कोयनानगरच्या अलीकडे चहासाठी थांबलो. चहा पिऊन मित्राने गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि गाडीच्या पोटात कुठेतरी ‘खट्’ असा आवाज झाला. मग वेग वाढू लागला तशी पायांखालचा पत्रा थरथरवणारी एक घरघर सुरू झाली. सकाळी ही घरघर नव्हती. भाचा म्हणाला, “मामा, दोन दिवस गाडी हळू चालवताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येत होती, मी सांगितलं होतं.” मामांनी ते मनावर घेतले नव्हते.

आता प्रत्येकाचे निदान सुरू झाले. मित्राचे म्हणणे, इंजिन हलायला लागले आहे. भाच्याला वाटले, चाकाचे बेअरिंग गेले. चहावाल्यानेही आपले मत दिले: “डिफरन्शियलचं काम आहे साहेब, खर्चात पडणार तुम्ही.” तिघांपैकी कोणाचेही खरे असू शकले असते. गाडी हा लोखंडी पेटारा आहे. त्यात एका कोपऱ्यात झालेला आवाज पत्र्यातून आणि चौकटीतून सगळीकडे पसरतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादात पाच हजार मीटरहून अधिक. त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे आत बसलेल्या माणसाच्या कानाला सहसा उमगत नाही.

मित्रांनो, अशा वेळी आवाज कुठून येतो हे विचारण्याऐवजी तो किती वेळा येतो आणि कशाबरोबर बदलतो, हे विचारावे. गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग आपल्या ठरावीक गतीने फिरतो. आवाजाची गती ज्या भागाच्या गतीशी जुळेल, तो भाग संशयित.

ह्याचा पडताळा तुम्हांला सायकलवर घेता येईल. समजा, पेडलजवळच्या मोठ्या दंतचक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या लहान चक्राला १८. म्हणजे पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेते. साखळीला ११० कड्या असतील, तर पूर्ण साखळी फिरायला पेडलचे अडीच फेरे लागतात. आता सायकल ‘टक्’ असा आवाज करत असेल तर तो पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो, की अडीच फेऱ्यांनी एकदा येतो, ते मोजा. पहिले असेल तर दोष पेडलचा किंवा त्याच्या दांड्याचा, दुसरे असेल तर साखळीतली एखादी कडी आखडलेली. आणि पेडल मारायचे थांबवूनही आवाज तसाच राहिला, तर साखळी व पेडल दोन्ही निर्दोष ठरतात. मग चाकाकडे वळावे. दात्यांचे आणि कड्यांचे आकडे तुमच्या सायकलीवर वेगळे असतील, ते मोजूनच घ्या.

आम्ही जीपवर हेच केले, पण त्याआधी इंजिनातला जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. इंजिनातून क्लच, क्लचमधून गिअरबॉक्स. त्याला लागूनच आणखी एक पेटी असते, ती जोर फक्त मागे पाठवायचा की पुढेही, ते ठरवते. तिच्यातून एक लांब पोकळ दांडा मागे जातो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. तो मागच्या दोन चाकांमधल्या गोल पेटीत शिरतो. तिथे ‘पिनियन’ हे लहान दंतचक्र ‘क्राऊन’ ह्या मोठ्या दंतचक्राला फिरवते आणि क्राऊन चाकांना. ही पेटी म्हणजेच चहावाल्याचे डिफरन्शियल. मित्राच्या जीपमध्ये क्राऊनला ४३ दाते आहेत आणि पिनियनला ८. म्हणजे चाकाचे ८ फेरे होतात तेवढ्यात शाफ्टचे ४३ फेरे होतात.

पहिली कसोटी सोपी होती. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन वाढवले. घरघर नाही. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेग धरला. घरघर आली. मित्राला क्लच दाबायला सांगितले. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, पण गाडी आपल्या वेगाने धावत होती आणि घरघर तशीच होती. किंचित मऊ झाली इतकेच. इंजिन हलण्याची शंका इथे जवळजवळ संपली. तरीही मित्राची खात्री पटेना. “टॉप गिअरमध्ये ऐक, इंजिनाच्या सुरात सूर मिळालाय,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ह्यातच खरी मौज आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणून चाक सेकंदाला साधारण साडेचार फेरे घेते. त्याला ४३ ने गुणून ८ ने भागले की शाफ्टचे सेकंदाला सुमारे साडेचोवीस फेरे येतात. टॉप गिअरमध्ये ह्या गाडीचा गिअरबॉक्स गती बदलत नाही, जशी आली तशी पुढे पाठवतो. म्हणजे इंजिनही सेकंदाला साडेचोवीस फेरेच घेत असते. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन वेळा इंधन पेटते, म्हणून इंजिनाचा मुख्य स्वर सेकंदाला ४९ कंपनांचा. आणि शाफ्टच्या जोडात दोष असेल तर त्याचा हिसकाही दर फेऱ्याला दोनदा बसतो (का, ते पुढे येईल), म्हणजे तोही ४९! चोर आणि साव एकाच पट्टीत गात असतील, तर कान काय करणार?

ह्यावर उपाय एकच, दोघांना वेगळ्या पट्टीत गायला लावणे. वेग तोच ठेवून मित्राने तिसरा गिअर टाकला. तिसऱ्या गिअरमध्ये शाफ्टच्या सुमारे दीडपट वेगाने इंजिन फिरते. म्हणजे इंजिनाचा स्वर ४९ वरून सुमारे ७३ कंपनांवर गेला. पेटीवर बसणाऱ्यांना हे अंतर ओळखीचे आहे: दीडपट म्हणजे ‘सा’ वरून ‘प’. इंजिन पंचमावर चढले आणि घरघर खाली षड्जावर बसून राहिली. भाच्याने मोबाइलवर आवाज टिपून घेण्याची खटपट केली, पण त्यात वाराच जास्त आला. पायाच्या तळव्यांना मात्र दोन्ही कंपने वेगवेगळी कळत होती. इंजिन सुटले आणि क्लचही सुटला. उरला तो गिअरबॉक्सच्या मागचा भाग.

चाकाचे बेअरिंग? मोकळ्या जागी गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवत नेली. वळताना भार बाहेरच्या बाजूच्या चाकावर जातो, त्यामुळे खराब बेअरिंगचा आवाज बहुधा एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. इथे काही फरक पडला नाही. डिफरन्शियलच्या दात्यांचा स्वर तर बराच उंच असायला हवा. ४३ दाते, सेकंदाला साडेचार फेरे, म्हणजे १९५ च्या आसपास कंपने. ती गुणगुण असते, घरघर नव्हे. चहावाल्याच्या निदानावर मी तूर्त काट मारली.

मग गाडी सपाट जागी नेऊन इंजिन बंद केले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि मागच्या टायरवर खडूने रेघ ओढली. (परीक्षकाच्या खिशात खडू असतोच.) मित्र दाराशी उभा राहून स्टीअरिंग धरून ढकलू लागला, भाचा मागून, आणि मी दोन हात लांब चालत खडूची रेघ बघू लागलो. इंजिन बंद असल्यामुळे बारीकसारीक आवाजही स्पष्ट ऐकू येत होता: टक्… टक्… टक्. चाकाचे चार फेरे होईपर्यंत किती ‘टक्’ होतात ते मोजायचे होते. चाकातच दोष असेल तर ४, किंवा ४ च्या पटीत काही. शाफ्टच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर २१ किंवा २२. फेऱ्याला दोनदा येत असेल तर बरोबर ४३. आम्ही तीन वेळा मोजले. ४२, ४४ आणि ४३.

गाडी सरळ रेषेत ढकलायची हे मी मुद्दाम बजावले होते. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी. शाफ्टचा हिशेब दोघांच्या सरासरीशी जुळतो, एका चाकाशी नाही. आणखीही एक अडचण होती. पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा एक शाफ्ट ह्या गाडीत असतो, आणि गाडी चालताना तोही त्याच प्रमाणात फिरत राहतो. म्हणजे ४३ हा आकडा ‘शाफ्टचा जोड’ एवढेच सांगत होता; पुढच्या की मागच्या, ते सांगत नव्हता.

आता हा जोड म्हणजे काय ते पाहू. गिअरबॉक्स चौकटीला पक्का बसवलेला असतो, पण मागचा आस कमानींवर वरखाली हलतो. त्यामुळे शाफ्ट कधीच सरळ रेषेत नसतो, त्याला फिरता फिरता वाकावे लागते. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट बसवतात. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, कारण त्याच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो. त्याचे समोरासमोरचे दोन हात एका दांड्याच्या बेचक्यात आणि उरलेले दोन हात दुसऱ्या दांड्याच्या बेचक्यात. प्रत्येक हातावर एक लहानशी वाटी, आणि वाटीच्या आत कडेने सुयांसारखे बारीक रूळ. ताणाचा नियम ज्याच्या नावाने तुम्ही शिकता, त्याच रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये ह्या जोडाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. सोळाव्या शतकातल्या कार्दानो ह्या इटालियन गणितज्ञाचे नावही त्याला चिकटलेले आहे.

ह्या जोडाला एक खोड आहे. दांडा वाकलेला असेल तर एका बाजूने अगदी समगतीने फिरवले, तरी दुसरी बाजू समगतीने फिरत नाही. ती दर फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. वाक १० अंशांचा असेल तर हा फरक फक्त दीड टक्क्याचा असतो. ३० अंश असेल तर गती ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हेलकावते. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना जोड असतात आणि दोन्हीकडचा वाक सारखा ठेवतात. पहिल्याने केलेली चूक दुसरा उलट चूक करून भरून काढतो. त्यासाठी शाफ्टवरची दोन्ही बेचकी एका पातळीत असावी लागतात. जोडणी करताना ती फिरली, तर चांगले जोडसुद्धा गाडी थरथरवतात.

सुयांचे काम तर आणखी चमत्कारिक. बाकीच्या बेअरिंगांमध्ये रूळ गोल गोल फिरतात आणि आपल्याबरोबर ग्रीस फिरवतात. क्रॉसमधल्या सुया दर फेऱ्यात काही अंश पुढे जातात आणि तितक्याच मागे येतात. जागा सोडतच नाहीत. त्यामुळे त्याच त्या रेषेवर दाब पडत राहतो आणि तिथले ग्रीस बाजूला सारले जाते. पावसाळ्यात पाणी शिरले आणि ग्रीसच्या बंदुकीचा वर्षभर विसर पडला, की सुया कोरड्या घासू लागतात. भाच्याने ऐकलेली चिवचिव ती हीच. मग सुयांच्या जागी वाटीत आणि हातावर चऱ्या पडतात. जोड अर्धा फेरा एका दिशेला वळतो आणि अर्धा फेरा उलट दिशेला. दर वेळी दिशा बदलताना सैल हात चरीत आपटतो, म्हणून फेऱ्याला दोन ठोके.

दाब किती असतो ह्याचा अंदाज घ्या. इंजिनाचा पीळ, म्हणजे तुमच्या पुस्तकातले बलाचे आघूर्ण, १२० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये तो तिप्पट होऊन शाफ्टवर ३६० होतो. समोरासमोरच्या दोन वाट्यांमध्ये अंतर साडेसहा सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक वाटीवर साडेपाच हजार न्यूटनचे बल येते. सुमारे साडेपाचशे किलोंचे वजन अंगठ्याएवढ्या वाटीवर! कुंभार्ली घाटात आम्ही वारंवार खालच्या गिअरमध्ये चढत होतो. वर्षानुवर्षे झिजत आलेला जोड त्या चढावर शेवटचा मोडला आणि आवाज ‘अचानक’ आला.

चारही चाकांना पुढून-मागून दगड लावून आणि हँडब्रेक सोडून मित्र गाडीखाली गेला. (हे काम तुम्ही करायचे नाही.) पुढचा शाफ्ट पकडून पिळून पाहिला; घट्ट होता. मागच्या शाफ्टचे पुढचे टोकही घट्ट. मागच्या टोकाशी मात्र शाफ्ट हाताने हलत होता, आणि हलवला की ‘खट्’. एका वाटीच्या कडेला विटेच्या रंगाची बारीक भुकटी जमली होती. घासून सुटलेले पोलादाचे कण गंजले की असेच दिसतात.

“हळूहळू गेलो तर पोहोचू की,” मित्र म्हणाला. खरे सांगायचे तर मलाही तेच हवे होते. सकाळची परीक्षा डोळ्यांपुढे होती. पण हा जोड सुटला तर काय होईल? शाफ्टचे मागचे टोक फिरता फिरता रस्त्यावर आपटणार आणि सापडेल ते फोडणार. पुढचे टोक सुटले असते तर प्रकार आणखी वाईट. ते खड्ड्यात रुतून अख्खी गाडी उचलू शकते. “उतारावर हँडब्रेक आहेच ना?” भाच्याने विचारले. मी म्हटले, “हँडब्रेकचा ड्रम कुठे आहे बघ.” अशा अनेक जुन्या जीपांत तो चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्टला धरले की चाके धरली जातात. जोड तुटला तर हँडब्रेक शाफ्टला घट्ट धरून बसेल आणि चाके मोकळी! गाडी गिअरमध्ये उभी करूनही उपयोग नाही, कारण इंजिन आणि चाके ह्यांच्यामधला दुवाच तो आहे. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने थेट चाकांवर लागतो, तेवढा शाबूत राहिला असता.

आम्ही गाडी हलवली नाही. भाचा एकाच्या मोटरसायकलवर बसून कोयनानगरातून एका मिस्त्रींना घेऊन आला. ते आले, वाकले, शाफ्टला एक हिसका दिला आणि म्हणाले, “मागचा क्रॉस गेलाय.” आम्ही पाऊण तास घालवला होता, त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही. मात्र मी ४३ चा हिशेब सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा सांगायला लावला, आणि टॉप गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट एकाच सुरात बोलतात हे ऐकल्यावर म्हणाले, “म्हणून गिऱ्हाईक इंजिन खोलायला सांगतं होय!”

त्या मापाचा क्रॉस त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनीच तोड काढली. मागचा शाफ्ट दोन्ही टोकांचे नट काढून सोडवायचा, गाडीत टाकायचा आणि पुढच्या चाकांचा लिव्हर लावून फक्त पुढच्या चाकांवर गाडी न्यायची. एरवी कोरड्या डांबरी रस्त्यावर हा लिव्हर लावू नये असे सांगतात, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असले की मधल्या दांड्यांना पीळ बसत जातो. इथे मागचा आस मोकळाच होता, तेव्हा पीळ बसायचा कशाला? हँडब्रेकही आता पुढच्या शाफ्टवाटे पुढच्या चाकांना धरणार होता. मिस्त्रींनी तो ओढून, गाडी ढकलून पाहिला. शाफ्ट काढण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला आणि दोन्ही टोकांच्या तोंडांवर खुणा केल्या.

घरघर पार नाहीशी झाली होती. ताशी ३० च्या पुढे न जाता आम्ही पाटणमार्गे निघालो. एकदा एका अरुंद जागी गाडी पूर्ण वळवावी लागली, तेव्हा स्टीअरिंग हाताला ठराविक अंतराने झटके देऊ लागले. मित्र दचकला. पण ह्या गाडीत पुढच्या चाकांपाशीही क्रॉसच आहेत, आणि चाक पूर्ण वळवले की तिथला वाक ३० अंशांच्या आसपास जातो. ०.८७ पट आणि १.१५ पट! भाच्याने चाकाच्या एका फेऱ्यात झटके मोजले: दोन.

कऱ्हाडला पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी नवा क्रॉस बसला, आणि जुना मी मागून घेतला. तो आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्याच्या तीन वाट्यांमधल्या सुया जागच्या जागी आहेत. चौथ्या वाटीत सुयांचे तुकडे आणि लाल भुकटी. हातावरून नख फिरवले की एका शेजारी एक पडलेल्या चऱ्या मोजता येतात.